वगळलेले अकरा दिवस

इस्माईल,

परवा नजमाचा फोन आला. तुला जाऊन तेव्हा सतरा दिवस झाले होते. "काका, अब्बांचं पुस्तक परत छापायचं म्हणतेय. पुण्याचे प्रकाशक तयार आहेत. प्रस्तावना तुम्ही लिहा. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. सुनेने विचारलं, "बाबा, काय झालं?" म्हटलं, "काही नाही. काम मिळालं."

त्या पुस्तकाला प्रस्तावना होती, इस्माईल. तू लिहिलेली. ती आणि कादंबरीचं सातवं प्रकरण, दोन्ही छापली गेली नाहीत. प्रकाशकाने पानं कमी करायला लावली, असं मी तुला सांगितलं होतं. तू ते खरं मानलंस. तेरा वर्षं मानलंस आणि तसाच गेलास. प्रकाशकाने तसं काहीही सांगितलं नव्हतं. दोन्ही मी काढली.

हे आधीच लिहून टाकलं, कारण मला माझा स्वभाव माहीत आहे. जुन्या दिवसांत रमलो असतो आणि हे राहून गेलं असतं. आता रमायला हरकत नाही.

तू मला पहिल्यांदा भेटलास शारजाच्या डोंगरापलीकडच्या खोर फक्कान बंदरात. तेव्हा बोगदे झाले नव्हते, डोंगरातून वळणं घेत जावं लागे. मी घामाने निथळत, काखेत ड्रॉइंगची गुंडाळी धरून, बंदरातल्या जपानी कंपनीच्या केबिनमध्ये शिरलो. कोपऱ्यातल्या टेबलावर तू डबा बाजूला सारून वाचत बसला होतास. मी विचारलं, "भाईसाब, ये ड्रॉइंग किसको देने का?" तू पावतीवरचं माझं नाव वाचलंस आणि मान वर न करता म्हणालास, "मराठीत विचारलंत तर मी घेईन. हिंदीत विचारलंत तर फोरमन घेईल. तो जेवायला गेलाय, तासाभराने येईल."

तुझ्या हातातलं पुस्तक उजवीकडून उघडलेलं होतं. मी म्हटलं, "उर्दू का?"

"जपानी. सुरुवात मात्र आमच्याच बाजूने करतात."

कंपनीने तुला दोन वर्षं जपानला धाडलं होतं, जहाजांच्या सुट्या भागांचे कागद वाचता यावेत म्हणून. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातला, मॅट्रिकला मराठीत पहिला आलेला इस्माईल सारंग तिथून परत आला तो कादंबऱ्या वाचत. तुझे जपानी साहेब गोल्फ खेळायचे आणि तू त्यांचे लेखक वाचायचास. "त्यांच्यापेक्षा त्यांच्या घरचं मला जास्त माहीत आहे," असं तू म्हणायचास. ते खरंच होतं.

पुढे तू शारजाच्या ऑफिसात आलास, अल नहदाला राहायला लागलास. मी अल मनखूलला. तुझी नोकरी संपली त्या वर्षी तू ती कादंबरी घेऊन माझ्याकडे आलास. म्हणालास, "आपटे, मरायच्या आधी एक काम करायचंय. मला मराठी टायपिंग येत नाही आणि शुद्धलेखनाच्या नावाने बोंब आहे. तुला दोन्ही येतं आणि दुसरं काही येत नाही."

तेव्हा शुक्रवारची सुट्टी असायची. जुम्म्याची नमाज आटपून तू शारजाच्या बसने यायचास, घुबैबाला उतरून चालत. सुधा तुझ्यासाठी थालीपीठ लावून ठेवायची. तू एक जपानी वाक्य मोठ्याने वाचायचास. मला त्यातलं काही कळायचं नाही, तरी तू वाचायचास. मग डोळे मिटून ते मराठीत सांगायचास, मग लिहायचास. लिहायला मी ऑफिसातून आणलेली रद्द झालेली ड्रॉइंग्ज, त्यांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर. एका बाजूला पंप आणि पाइप, दुसऱ्या बाजूला जपानमधल्या एका बंदराच्या गावातला निवृत्त शाळामास्तर. मी ते आठवडाभरात टाइप करायचो आणि पुढच्या शुक्रवारी आपलं भांडण व्हायचं.

"तू वाक्याला इस्त्री करतोस, आपटे."

"वाचणाऱ्याला अडखळायला होतं रे."

"अडखळू दे. म्हाताऱ्याने ते अडखळण्यासाठीच लिहिलंय."

लेखकाला आपण नुसतं 'म्हातारा' म्हणायचो, आपण दोघं साठीला टेकलेलो असून. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तो हयात आहे, आणि मी केलेल्या कामाच्या शेजारी त्याचं नाव यायला नको. कादंबरीचं नाव मराठीत तू 'कोऱ्या तारखा' ठेवलंस. वाचणाऱ्यांसाठी दोन शब्दांत सांगतो. मास्तर आयुष्यभर शाळेत मुलांना जुनं चिनी शिकवत आलेला. जपानी शाळांत ते अजून शिकवतात. हजारो वर्षांपूर्वीचं चिनी वाक्य जसंच्या तसं ठेवायचं, बाजूला बारीक खुणा करायच्या आणि त्या खुणांच्या आधाराने शब्द मागेपुढे करत ते जपानीत वाचायचं. मास्तरचा बाप युद्धात चीनमध्ये लष्करी कारकून होता. खिशात चिनी कवितांचं छोटं पुस्तक घेऊन तो त्या देशावर चालून गेला. तो मेल्यावर मास्तरला त्याची डायरी मिळते. रोजची नोंद, अगदी भात किती मिळाला इथपर्यंत. मध्ये अकरा तारखा मात्र नुसत्या लिहिलेल्या, खाली काही नाही. पुढे परत भात.

मी तेव्हा म्हटलं होतं, "यात चिनी प्रभाव फारच आहे. स्वतःचं असं काय उरतं मग त्याचं?" तू हातातला पेन खाली ठेवलास.

"आपटे, कागद कुठला शब्द? कलम? शाई? दौत? सगळं आमच्या बाजूने आलं तुझ्याकडे. उद्या मी परत मागितलं तर ज्ञानेश्वरांपासून सगळे पाटीवर बोटाने लिहायला लागतील."

सुधा आतून हसली. तू पुढे म्हणालास, "प्रभाव हा बाहेरून बघणाऱ्याला दिसतो. आतल्या माणसाला ते त्याचं घर असतं. म्हाताऱ्याचं दुखणं वेगळंच आहे. ज्याने हातात लेखणी दिली त्याच्याच घरात बापाने काय केलं, हे त्याला त्याच लेखणीने लिहायचंय."

हे वाक्य तू नंतर प्रस्तावनेत घातलंस. मला ते तेव्हाच पाठ झालं होतं.

आपण त्या चिनी बाजारात गेलो ते आठवतं? हत्ताच्या रस्त्यावरचा तो लांबलचक बाजार. मला नळाची तोटी हवी होती आणि तुला सातव्या प्रकरणाच्या सुरुवातीचा एक जुना चिनी उतारा कोणाला तरी विचारायचा होता. नळवाल्या दुकानातली बाई चाळिशीची असेल. तिला इंग्रजी आकडे सोडून काही येत नव्हतं आणि तुला चिनी बोलता येत नव्हतं. तू तिच्याकडून पुठ्ठ्याचा तुकडा मागून घेतलास आणि त्यावर अक्षरं काढलीस. तिने वाचली. तुझ्या हातातून पेन घेऊन तिने खाली लिहिलं. तू वाचलंस. अर्धा तास तुम्ही दोघं असे बोलत होता, तोंडातून एक शब्द न काढता, आणि मी तोटी हातात धरून उभा. गिऱ्हाइकं येऊन बघून जात होती. मला वाटलं, दोन हजार वर्षांपूर्वीची माणसंही अशीच बोलली असतील, बंदरांमध्ये.

मग तू तिला त्या सातव्या प्रकरणाची झेरॉक्स दिलीस. तिने पहिलं पान वाचलं. मग पुढची पानं, ज्यांवर चिनी अक्षरांतली एकेकच ओळ होती. तिचा चेहरा बदलला. तिने पुठ्ठ्यावर काहीतरी लिहिलं. मी विचारलं, "काय म्हणते?"

"विचारते, हे जपानी माणसाने लिहिलंय का?"

तू होकाराचं अक्षर काढलंस. तिने झेरॉक्सची घडी केली आणि स्वतःच्या गल्ल्याशेजारच्या खणात ठेवली. परत दिली नाही. तूही मागितली नाहीस. टॅक्सीत तू म्हणालास, "माझी दुसरी प्रत आहे."

हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. हे पाहूनही मी पुढे जे केलं ते केलं.

त्या उताऱ्यात गोष्ट होती ती तू टॅक्सीत सांगितलीस. जुन्या चीनमध्ये एका मंत्र्याने आपल्या राजाला मारलं. दरबारच्या बखरकाराने लिहिलं, अमुक मंत्र्याने आपल्या राजाला मारलं. मंत्र्याने त्याला ठार केलं. त्याच्या भावाने तेच वाक्य लिहिलं. त्यालाही मारलं. तिसऱ्याने लिहिलं, तोही गेला. चौथ्यानेही तेच लिहिलं, तेव्हा मंत्री थकला आणि वाक्य राहिलं. "आणि दक्षिणेकडे एक बखरकार होता," तू म्हणालास. "त्याला कळलं की सगळे भाऊ मेले. तो आपल्या बांबूच्या पट्ट्या घेऊन निघाला. वाटेत कळलं, वाक्य लिहून झालंय. तसाच घरी परत गेला. मला हा माणूस फार आवडतो, आपटे. त्याचं नाव व्हावं म्हणून तो निघाला नव्हता."

सातव्या प्रकरणात मास्तर बापाच्या त्या अकरा तारखा भरतो. बापाच्या बरोबरीच्या सैनिकांना शोधून, जुने कागद काढून, त्या गावांना स्वतः जाऊन. आणि लिहितो कसं? त्या बखरकारांसारखं. तारीख, गाव, हुकूम कोणाचा, मेले कोण. एका दिवसाला एक ओळ, एका पानावर एक दिवस, बाकी पान कोरं. विशेषण नाही, रडणं नाही. बापाचं नाव जिथे यायचं तिथे येतं, 'माझा बाप' असं कुठेही नाही. चीनने शिकवलेल्या रीतीने चीनमधल्या बापाची नोंद.

तू ते भाषांतर केलंस तेव्हा तीन शुक्रवार लागले. अकरा ओळींना तीन शुक्रवार. मी म्हटलं, "हे फार कोरडं होतंय." तू म्हणालास, "पाणी घालू नकोस."

आणि मग तू प्रस्तावना आणलीस. घरी लिहून आणली होतीस, मला न सांगता. तिच्या शेवटी तुझ्या वडिलांविषयी होतं. तीस वर्षांच्या ओळखीत तू मला त्यांच्याबद्दल एकदाही सांगितलं नव्हतंस. ते रंगूनला बोटीच्या गोदीत कामाला होते. जपानी आले तेव्हा ते तिथून निघाले आणि चालत हिंदुस्थानात आले. बरोबर तुझा मोठा काका होता, तो पोचला नाही. मधल्या महिन्यांबद्दल वडील मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तू लिहिलं होतंस, "मी सारं आयुष्य जपानी कंपनीचं मीठ खाल्लं आणि ऑफिसात हे कोणाला सांगितलं नाही. माझ्या वडिलांच्याही डायरीत तारखा कोऱ्या आहेत. फरक इतकाच की त्यांना लिहिता येत नव्हतं. या कादंबरीतला मास्तर मला भाऊ वाटतो, त्याचा बाप माझ्या बापाच्या मागे लागलेल्या फौजेत होता तरी."

मी वाचून कागद नीट जुळवले. तू विचारलंस, "जमलंय का?" मी म्हटलं, "शुद्धलेखन बघतो."

आता माझं सांगतो. त्या वर्षी मला साठ पूर्ण होत होती. साठीनंतर कंपनीने वर पत्र दिलं तरच व्हिसा पुढे चालायचा. माझ्या कंपनीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक जपानी कंपनी. तिच्या मॅनेजरने नुसतं 'आपटे राहू द्या' म्हटलं असतं तरी काम झालं असतं. प्रकाशन समारंभाला त्यालाच प्रमुख पाहुणा म्हणून बोलवायचं मीच सुचवलं. तुला वाटलं, पुस्तकाचा मान. मला माझा व्हिसा दिसत होता. आणि तो हो म्हणाल्यावर मला घाम फुटला. प्रस्तावना कोणी इंग्रजीत समजावली तर? ते सातवं प्रकरण? जपानी माणसाला हॉलमध्ये बोलावून, हार घालून, त्याच्या आजोबांनी काय केलं ते त्याच्या हातात द्यायचं?

मी त्याला विचारलं नाही. तुला विचारलं नाही. एका शुक्रवारी तू येऊन गेल्यावर मी कॉम्प्युटरसमोर बसलो, प्रस्तावना काढली, सातवं प्रकरण काढलं, आठव्याला सातवा नंबर दिला, नवव्याला आठवा, असं शेवटपर्यंत. सहाव्याच्या शेवटी आणि आठव्याच्या सुरुवातीला दोन वाक्यं स्वतःची घातली, सांधा दिसू नये म्हणून. फाइल पुण्याला पाठवून दिली. प्रकाशकाशी पत्रव्यवहार माझाच होता, प्रुफंही माझ्याकडेच यायची. त्यांना कधी कळलंच नाही की मध्ये काही होतं.

तुला माहीत आहे मी कोणतं काम करायचो. तोवर बत्तीस वर्षं ड्रॉइंगचा हिशेब ठेवला होता. एका पाइपची जागा चार इंच हलवली तरी त्याभोवती ढगासारखी रेघ ओढायची, तिला आम्ही क्लाउडच म्हणायचो, शेजारी त्रिकोणात बदलाचा नंबर, खाली कोपऱ्यात बदलणाऱ्याची सही. क्लाउड नसलेला बदल आला की मी इंजिनियरला ड्रॉइंग परत करायचो, मग तो कितीही मोठा साहेब असो. एकदा एका ब्रिटिश साहेबाला सहीसाठी परत बोलावलं होतं, ते तू चारचौघांत सांगत फिरायचास. "आपला आपटे! यल्ला, चल, सही आण म्हणाला गोऱ्याला!" त्या माणसाने तुझ्या पुस्तकातून एक प्रकरण उचललं आणि कुठे रेघ ओढली नाही.

छापून आलेली पहिली प्रत तू उघडलीस ती माझ्याच घरी. पानं उलटत गेलास. मग परत पहिल्यापासून उलटलीस.

"सातवं कुठाय?"

"अरे, प्रकाशक म्हणाले, अकरा पानं कोरी सोडायला परवडत नाही. मी खूप भांडलो. आणि प्रस्तावना लांब झाली म्हणे."

"एका पानावर सगळ्या ओळी घेतल्या असत्या तरी चाललं असतं."

"मला आधी कळवलंच नाही रे त्यांनी."

तू पुस्तक मिटलंस. "खलास," म्हणालास. "त्यांचं पुस्तक, त्यांचा कागद." आणि मग, "तू भांडलास ना, बस." सुधाने थालीपीठ आणलं. तू खाल्लंस. तो तुझा चांगुलपणा होता हे मला आज कळतं. त्या दिवशी मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

समारंभ अल मनखूलच्याच एका हॉलमध्ये झाला. जपानी मॅनेजर वेळेआधी आला. चहाच्या वेळी तो पुस्तक घेऊन बसला. मराठी वाचता येत नसताना तो एकेक पान उलटत होता, काहीतरी शोधत. मला कळलं तो काय शोधतोय. कोरी पानं. मूळ पुस्तकात ती डोळ्यांना लगेच दिसतात. मग तो उठून तुझ्याकडे आला आणि जपानीत बोलू लागला. तू उत्तर दिलंस आणि कमरेत वाकलास. तोही वाकला. मी लांबून बघत होतो. तो गेल्यावर मी तुला विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, अकरा दिवसांचं प्रकरण वाचून त्याने त्याच्या बापाला फोन केला होता. त्यासाठीच तो आज आला. म्हणाला, ते प्रकरण मराठीत कसं दिसतं ते बघायचं होतं."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? परक्या माणसासमोर आपल्या प्रकाशकाची लाज काढू? म्हटलं, माझी मराठी कमी पडली."

इस्माईल, तेव्हाच बोलायचं होतं. हॉलमध्ये पन्नास माणसं होती, माईक चालू होता. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाहुण्यांना बुके द्यायला गेलो. व्हिसा तीन वर्षं वाढला. त्या मॅनेजरवर माझ्याबद्दल कोणाशी बोलायची वेळही आली नव्हती, हे मला नंतर कळलं. कंपनीने सगळ्यांचेच वाढवले होते.

पुढच्या वर्षी पुण्याच्या एका मासिकात परीक्षण आलं. लिहिणाऱ्याला मूळ कादंबरीची इंग्रजीतून ओळख होती. त्याने लिहिलं, भाषांतरकाराला या लेखनातला चिनी इतिहासलेखनाचा धागाच कळलेला दिसत नाही, म्हणूनच कादंबरीचा गाभा गळून पडला आहे. ते मासिक मीच तुला दाखवलं. का दाखवलं कोण जाणे. बहुतेक तू चिडशील, प्रकाशकाला फोन करशील आणि मी पकडला जाईन, असं मनात असावं. तू वाचलंस, चष्मा काढून पुसलास आणि म्हणालास, "बरोबर लिहिलंय. वाचणाऱ्याला तसंच वाटणार." त्यानंतर तू म्हाताऱ्याची दुसरी कादंबरी हातात घेतली नाहीस. मी दोनदा विचारलं. म्हणालास, "परवानगी मागायची कोणत्या तोंडाने?"

आपण भेटत राहिलो. सुधा गेली तेव्हा तू चार दिवस आमच्याकडे राहिलास, माझ्या मुलाला धीर दिलास. आपण मामझारला समुद्राकाठी फिरलो, एकमेकांच्या शुगरचे आकडे विचारले, क्रिकेटवरून भांडलो. नजमाचा मुलगा इंग्रजीतून तुझी फिरकी घ्यायचा आणि तू त्याला रत्नागिरीच्या मराठीत उत्तर द्यायचास, दोघंही आपापल्या जागी खूश. पुस्तकांबद्दल बोलायचं मात्र तू थांबवलंस. शुक्रवारचं टेबल तसंच राहिलं, त्यावर आता औषधं आणि बिलं असायची. किती वेळा बोलणार होतो. हॉस्पिटलमध्ये तर तू झोपेत होतास तेव्हा मी एकदा सगळं सांगूनही टाकलं, हळू आवाजात. तुला ऐकू गेलं नाही याची खात्री करूनच.

काल मी अल नहदाला गेलो. नजमा दार उघडून म्हणाली, "काका, लिहून आणलीत?" मी पिशवीतून ती ड्रॉइंग्ज आणि तुझी प्रस्तावना काढली. तुझ्या हस्ताक्षरातली. मी काहीच टाकत नाही, तुला ठाऊक आहे, रद्द झालेलंसुद्धा. सोफ्यावर बसून मी तिला सगळं सांगितलं, इथे लिहिलं त्याच क्रमाने, व्हिसासकट. ती शेवटी म्हणाली, "अब्बा मला सांगायचे, 'माझी मराठी कमी पडली.' मी इथल्या शाळेत शिकलेली, मला वाटायचं, माझीच कमी आहे, त्यांची कशी असेल?"

मी म्हटलं, "नजमा, पुढच्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळाची सभा आहे. तिथे उभा राहून सांगतो."

"भाषणात नको. अब्बांचं नाव छापून खराब झालंय, छापूनच नीट करा. आणि तुमची प्रस्तावना नको. त्यांचीच घालू."

"बरोबर आहे. माझं नावही काढून टाक. संपादक म्हणून आहे ते."

"का काढू?" तिचा आवाज चढला. "राहू दे. कोणी कापलं ते वाचणाऱ्यांना कळायला नको?" मग तिने वही घेतली आणि मला वाक्य लिहायला लावलं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर जाणार आहे ते. 'पहिल्या आवृत्तीतून भाषांतरकाराची प्रस्तावना आणि सातवे प्रकरण वसंत आपटे यांनी भाषांतरकाराच्या नकळत वगळले होते.'

मी विचारलं, "कारण?"

"कारण नको, काका. कारण लिहिलं की लोक लगेच म्हणतात, बिचारा."

तुझीच मुलगी. म्हणून कारण पुस्तकात नसेल. वर लिहिलंय ते तुझ्यासाठी, तुला विचारायची सवड मी दिली नाही म्हणून. बाकी कोणी वाचलं तर त्यांनी ते जमेस धरू नये.

नजमाने चहा विचारला नाही. तुझ्या घरून मी चहा न घेता कधी निघालो नव्हतो. लिफ्टपर्यंत मात्र आली. बटण दाबून म्हणाली, "सातवं टाइप कोण करणार? मला मराठी टायपिंग येत नाही."

"मी करतो. तू म्हणशील तर."

तिने लिफ्टचं दार हाताने अडवून धरलं. "एक शब्द बदलू नका."

"नाही."

आज सकाळी बसलो, इस्माईल. प्रस्तावना झाली. मग सुरुवातीचा उतारा, मग एका पानावर एक ओळ. नवव्या दिवसाच्या ओळीत तू क्रियापद मध्येच आणलंयस, गावाचं नाव शेवटी राहतं, वाचताना पाय अडकतो. क्रियापद शेवटी नेलं तर ओळ सरळ होईल, एका क्षणाचं काम. हात गेला होता. मग काढून घेतला. तशीच ठेवली आहे.